रुझेनासाठी स्थळ

व्हिएन्नाच्या झूमध्ये ओरांगउटानच्या घरासमोर त्या दिवशी ही गर्दी! पोरं काचेला नाकं चिकटवून उभी, आया मोबाईल उंच धरून उभ्या, एक आजोबा तर नातवाला सोडून स्वतःच काचेसमोर वेडीवाकडी तोंडं करत होते. सगळ्यांच्या नजरा ओरांगउटानकडे. फक्त एक मुलगी मात्र खाली वाकून भिंतीतल्या लोखंडी दाराचा अडसर बघत होती. डोळे बारीक करून, मान तिरकी करून… आणि तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं आणखी एक डोकं तसंच वाकून खाली आलं, आणि टण्णकन—

"आई गं!"

"सॉरी, सॉरी! तुम्हाला लागलं का?"

"नाही, मजा आली," ती कपाळ चोळत म्हणाली. "काय शोधताय इथे? ओरांगउटान तिकडे आहे."

"मीही तुम्हाला तेच विचारणार होतो."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. तो उंच, कान जरा बाहेर आलेले, गालावर खळी. पुढच्याच क्षणी दोघांच्या तोंडून एकदम निघालं, "कुठल्या झूमध्ये?"

कारण हे कोडं फक्त कीपर माणसालाच, म्हणजे झूमधले प्राणी सांभाळणाऱ्यालाच सुटतं. बाकीचं जग सुट्टीत समुद्रावर जातं. कीपर मात्र सुट्टीत दुसऱ्यांच्या झूमध्ये जातात, ओळखपत्र दाखवून फुकट आत शिरतात, आणि प्राणी सोडून कड्या, कुलपं, नाल्या, दोरखंड बघत फिरतात. वाघापुढे उभं राहून वाघाचा बोल्ट कसा बसवलाय ते बघतात!

तिचं नाव व्हेंडुला. चेक देशातल्या मोराव्हियात, डोंगराकडेच्या एका एवढ्याशा झूमध्ये ती कामाला होती. तिथे दोन उंट, काही लांडगे, एक म्हातारं अस्वल आणि रुझेना. रुझेना म्हणजे गिबन. लांबलचक हातांचं, बिनशेपटीचं, झाडावरून झाडावर उडत गेल्यासारखं झेप घेणारं वानर. तो होता वानेस, बेल्जियममधल्या फ्लँडर्सचा. त्याचं झूही तेवढंच छोटं. दोघांचं जर्मन सारखंच मोडकं, त्यामुळे कुणाला कुणाची लाज वाटायचं कारण नव्हतं.

"मी बेट बांधतोय," वानेस म्हणाला. "गिबनांसाठी. चारी बाजूंनी पाणी, मधे झाडं. म्हणून मोठमोठी झू बघत निघालोय, कोणी काय केलंय ते चोरायला. तुम्ही?"

"मी स्थळ बघायला निघालेय."

"तुमच्यासाठी?"

"रुझेनासाठी!" ती तिखटपणे म्हणाली. "तिचा जोडीदार मागच्या शिशिरात गेला. एकटी आहे बिचारी."

आता युरोपातल्या सगळ्या गिबनांच्या सोयरिकी ठरवणारी एक बाई असते. पत्रिका नाही बघत, वंशावळ बघते. कुणाचं रक्त कुणाशी जुळतं, कुणाला कुठे पाठवायचं, सगळं तीच ठरवते. व्हेंडुलाच्या झूला तिनं कळवलं होतं की तुमची मादी दुसरीकडे जाईल. आणि व्हेंडुलानं मनाशी ठरवलं होतं की रुझेना नाही जाणार. आपण सगळीकडे हिंडायचं, मोठमोठ्या झूमधल्या कीपरांना भेटायचं, एखादा चांगला नर हेरायचा, आणि त्या बाईला गळ घालायची.

वानेसचे डोळे चमकले. "अरेच्चा! म्हणजे तुम्ही वधूपक्ष?"

"आणि तुम्ही?"

"वरपक्ष! आमच्याकडे स्टान आहे. नऊ वर्षांचा, केस दाट, निर्व्यसनी."

"स्वभाव?"

"जरा आळशी. मामावर गेलाय."

"मामा कोण?"

"मीच."

तिला हसायचं नव्हतं… पण हसू आलंच. "चालेल. पाठवा त्याला आमच्याकडे."

"छे! मुलगी येते मुलाकडे. बेट काय उगाच बांधतोय?"

"मुलगी कुठेही जाणार नाही. मुलगा येईल."

"घरजावई?"

"घरजावई!"

"एवढं ठाम?"

"मी ठरवलंय," व्हेंडुला म्हणाली, आणि सॅक खांद्यावर टाकून चालायला लागली. चार पावलं गेल्यावर तिनंच मागे वळून विचारलं, "प्रागला जाताय का? उद्या सकाळची गाडी आहे."

तो तर म्युनिकला जायचा होता. तिकीट खिशात होतं. म्हणाला, "हो, हो, प्रागलाच!"

प्रागचं झू म्हणजे डोंगरउतार. वर जायला दोघांनी बसायचा उघडा पाळणा. खाली नदी, समोर लाल कौलं, पायाखालून झाडांचे शेंडे सरकत होते. व्हेंडुलाच्या हातात तळलेल्या चीजचा पाव, आणि वानेस त्यातला आपला वाटा मोठा कसा व्हावा या प्रयत्नात. 'तुम्ही' कधीच गळून पडलं होतं.

"तू खाली का बघत नाहीस?" तिनं विचारलं.

"बघतोय की."

"डोळे मिटून?"

"मी… म्हणजे… उंचीचं आणि माझं फारसं जमत नाही."

"गिबनांचा कीपर आणि उंचीला घाबरतो?"

"म्हणूनच बेटाभोवती पाणी ठेवलंय, चढायला नको!"

ती इतकी हसली की पाळणा हिंदकळायला लागला. त्यानं घाबरून तिची बाही पकडली. वर पोहोचल्यावर पाय जमिनीला टेकले तरी त्यानं ती सोडली नाही, आणि तिनंही आठवण करून दिली नाही.

आणि मग… खालून आवाज आला.

गिबन गायला लागले होते. ज्यांनी तो आवाज कधी ऐकला नाही त्यांना कसं सांगू? आधी नर हळूच हू-हू करतो. मग मादी उचलते. वर, वर, आणखी वर, एवढी लांब तान की ऐकणाऱ्याचाच दम संपावा. आणि तान शिगेला पोहोचून थांबली की एक क्षण सगळं स्तब्ध… आणि त्या स्तब्धतेत नर छोटंसं उत्तर देतो. एक कंप पावणारी हाक, बस! पण तेवढं उत्तर आलं की तान पुरी होते. रोज सकाळी, जन्मभर, त्याच दोघांचं.

प्रागच्या मादीची तान वर गेली, थांबली, आणि नराच्याही आधी व्हेंडुलाच्या गळ्यातून उत्तर निघून गेलं. अगदी हुबेहूब! दोन बायका दचकून मागे वळल्या. एक कुत्रा भुंकला.

व्हेंडुला कानापर्यंत लाल. "सवय झाली रे," ती पुटपुटली. "जोडीदार गेल्यावर रुझेना गायचीच बंद झाली. खाईना, हलेना. मग एके दिवशी मीच त्याचं उत्तर देऊन बघितलं. आणि ती गायली, वानेस! तेव्हापासून रोज सकाळी ती गाते, मी उत्तर देते. मी रजेवर असले की माझं रेकॉर्डिंग लावतात."

तिला वाटलं, आता हा हसणार. चिडवणार. निदान तेवढा आवाज पुन्हा काढून दाखव म्हणणार.

वानेस हसला नाही. त्याच्या गालावरची खळी कुठेतरी गेली. त्यानं तिची बाही सोडली आणि म्हणाला, "चल, भूक लागलीय."

"आत्ता तर खाल्लं!"

"तरीपण."

लाइपझिगमध्ये एका भल्यामोठ्या काचेच्या छताखाली आख्खं जंगल वसवलंय. बाहेर थंडगार पाऊस कोसळत होता, छपरावर तडतड तडतड, आणि आत घाम फुटेल असा दमट उकाडा. दोघं छोट्या बोटीत बसून त्या हिरव्या पाण्यातून जात होते. व्हेंडुलाच्या ओल्या केसांमधून पाणी टपकत होतं. वानेसनं खिशातून रुमाल काढला, तिच्याकडे धरला, मग मागे घेतला.

"काय झालं?"

"जरा… घाण आहे. पेंढा लागलाय."

"दे इकडे. मला काय वास नवीन आहे?" तिनं तो हिसकावून घेतला. पेंढ्याचा, सफरचंदाच्या सालीचा, वानराचा वास. जगातल्या कुठल्याही मुलीनं नाक मुरडलं असतं. व्हेंडुलाला मात्र एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

"तू प्रागपासून गप्प गप्प आहेस," ती म्हणाली.

"नाही तर."

"मामा, खोटं बोलता येत नाही तुला. कान लाल होतात."

त्यानं दोन्ही हातांनी कान झाकले. ती हसली, पण त्याच्या डोळ्यांत हसू नव्हतं. "बर्लिनला सांगतो," तो म्हणाला.

बर्लिनला पाणघोड्यांच्या मोठ्या काचेपुढे दोघं बसले होते. पाण्याखाली एवढा अजस्र पाणघोडा बोटांवर नाचल्यासारखा अलगद चालत होता. मुलं किंचाळत होती. वानेसनं त्या पाणघोड्याकडेच बघत सांगायला सुरुवात केली.

"आमच्याकडे एक मादी होती. लोटे. लहानपणापासून एका कीपरबरोबर गायची. तो म्हातारा रिटायर झाला. आम्ही तिच्यासाठी जोडीदार आणला. तिनं त्याचं बोट तोडलं. दुसरा आणला… त्यालाही फाडलं. शेवटपर्यंत एकटी राहिली. काचेजवळ बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांच्या तोंडाकडे बघायची."

व्हेंडुलाच्या हातातला सॉसेज तसाच राहिला.

"तुला काय म्हणायचंय?"

"तू उत्तर देतेस ना, व्हेंडुला… रुझेनाच्या दृष्टीनं तिचा जोडीदार तूच आहेस. तिला स्थळ शोधतेस, पण ती तर लग्न झालेली बाई आहे!"

"मूर्खासारखं बोलू नकोस. ती मरत होती. मी वाचवलं तिला!"

"वाचवलंस. खरंच वाचवलंस. पण आता—"

"आता काय? मी प्रेम केलं ही चूक झाली?"

"प्रेम केलंस ते बरोबर. तिच्या जोडीदाराचं उत्तर तू दिलंस, तिथे चुकलं."

ती ताडकन उभी राहिली. "अच्छा! म्हणून सगळीकडे मागे मागे फिरत होतास? गोड गोड बोलून मुलगी पळवायला? तुझं बेट रिकामं आहे ना!"

"बेटासाठी नाही फिरलो मी," वानेस हळूच म्हणाला.

"मग कशासाठी?"

त्याचे कान लालभडक झाले.  "ते… ते जाऊ दे. पण मी नसतो बोललो तर तू अजून दहा झू फिरली असतीस, सगळ्यात चांगला नर आणला असतास, आणि तिनं त्याला ओरबाडून काढलं असतं. मग तू मला कधीच माफ केलं नसतंस. आत्ता चिडलीयस ते परवडेल."

व्हेंडुला निघून गेली. झूच्या दारावरच्या दगडी हत्तींच्या कमानीतून बाहेर पडली, स्टेशन गाठलं, पहिली गाडी पकडली. गाडीत बसल्यावर तिला कळलं की त्याचा रुमाल आपल्याच मुठीत आहे, आणि रडायला तोच उपयोगी पडतोय. भयंकर राग आला तिला. आणि राग आला, तोही वानेस खरं बोलत होता म्हणून.

घरी पोहोचली त्याच सकाळी ती थेट पिंजऱ्याकडे गेली. रुझेना तिला बघून दोरावरून सरसर खाली आली, जाळीतून हात काढून तिची टोपी ओढली, आणि गायला लागली. तान वर गेली… थांबली. काळे टपोरे डोळे व्हेंडुलाच्या ओठांवर.

व्हेंडुला लहानपणापासून हट्टी. तिची आई म्हणायची, या पोरीनं ठरवलं की भिंतीनं बाजूला व्हावं. त्या सकाळी मात्र तिला पहिल्यांदा कळलं की ठरवणं म्हणजे काय. तिनं ओठ मिटून धरले, पाठ फिरवली आणि चालत सुटली.

"बोहुमिल काका," तिनं म्हाताऱ्या कीपरला गाठलं, "आजपासून रुझेना तुमची. मला उंट द्या. आणि ते रेकॉर्डिंग पुसून टाका."

"का गं? भांडलीस की काय वानरीशी?"

"नाही काका. सोडचिठ्ठी देतेय."

म्हाताऱ्यानं नुसता एक शिट्टीवजा सुस्कारा टाकला आणि किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातातून घेतला.

पुढचे आठवडे… अगं बाई गं! रोज सकाळी रुझेनाची तान झाडांवरून तरंगत उंटांच्या गोठ्यापर्यंत यायची. थांबायची. वाट बघायची. आणि व्हेंडुला मफलर दातात धरून उंटांचं शेण उचलत राहायची. एकदा उंटानं तिच्या केसांना जीभ लावली तर ती त्याच्या मानेत तोंड खुपसून हमसाहमशी रडली. मग एक दिवस तानही बंद झाली. रुझेना पुन्हा कोपऱ्यात बसायला लागली. बोहुमिल काका येऊन नुसते उभे राहिले. तिनंच विचारलं, "खातेय?"

"खातेय. थोडं."

"मग जगेल," व्हेंडुला म्हणाली, आणि त्याच दुपारी तिनं सोयरिकी ठरवणाऱ्या बाईला फोन लावला. "आमची मादी पाठवायला मी तयार आहे. पण एकाच ठिकाणी. फ्लँडर्समध्ये एक बेट आहे, तिथला नर बघा." बाईनं वंशावळ तपासली. रक्त जुळत होतं.

मग तिनं वानेसला फोन केला. बर्लिननंतर पहिल्यांदाच.

"स्टान अजून मोकळा आहे?" तिनं विचारलं.

पलीकडे काहीतरी आदळल्याचा आवाज झाला. बहुतेक बादली. "आहे! मोकळा आहे! दोघंही… म्हणजे… स्टान आहे."

"मुलगी येतेय," ती म्हणाली. "बेट नीट बांध."

वसंत लागला तेव्हा रुझेना लाकडी पेटीतून फ्लँडर्सला पोहोचली. आधी बरेच दिवस जाळीच्या दोन बाजूंना दोघांना ठेवलं. स्टान जाळीतून हात घालायचा, रुझेना पाठ फिरवायची. तो तिच्यासाठी केळ्याचा तुकडा ठेवायचा, मग विसरून स्वतःच खाऊन टाकायचा. वानेस रोज फोनवर सगळं सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "ओरबाडत नाहीये. एवढं तरी आहे." बेटाचं दार उघडायचं ठरलं तेव्हा व्हेंडुलानं रजा टाकली आणि गाडीत बसली.

ती आली खरी, पण रुझेनाच्या दृष्टीस पडायचं नव्हतं. काठावर दोरखंड ठेवायची एक लाकडी खोली होती. तिच्या फळ्यांमधल्या फटीला डोळा लावून ती उभी राहिली. शेजारी वानेस. खोली एवढीशी की त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागत होता, आणि दोघंही तो हलवत नव्हते. फ्लँडर्सचा नेहमीचा रिमझिम पाऊस पत्र्यावर पडत होता.

दार उघडलं. स्टान सगळ्यात उंच फांदीवर जाऊन पोट खाजवत बसला. रुझेना हळूच बाहेर आली. पाण्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. आणि कित्येक आठवड्यांनी… तिनं सूर लावला.

वर, वर, आणखी वर. तान शिगेला पोहोचली. थांबली.

काहीच नाही. स्टान पोट खाजवतोय.

रुझेनानं मान वळवली. काठावरून नजर फिरवली. कुणालातरी शोधत होती. ती नजर लाकडी खोलीवरून सरकली तेव्हा व्हेंडुलाच्या गळ्यात ते उत्तर अगदी वर आलं, दातांपर्यंत. एवढंसं तर काम! एक हाक, आणि ती शांत झाली असती. तिनं दोन्ही तळव्यांनी तोंड गच्च दाबलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी. वानेसनं तिला धरलं नाही, समजावलं नाही. तो फक्त तिच्यासारखाच श्वास रोखून उभा राहिला.

रुझेनानं पुन्हा तान घेतली. पुन्हा थांबली. पुन्हा काही नाही.

"आळशी!" वानेस दात खाऊन कुजबुजला. "अरे बोल ना, दगडा!"

तिसऱ्या वेळी तान जरा कमी उंच गेली. जणू आता तिलाही खात्री नव्हती. थांबली… आणि त्या शांततेत, बऱ्याच उशिरा, वरच्या फांदीवरून एक आवाज आला. बेसूर. चिरका. मधेच तुटलेला. पण उत्तर! स्टान स्वतःच एवढा दचकला की फांदीवरून हात सुटला आणि खालच्या दोरावर लोंबकळला.

रुझेना त्याच्याकडे बघत राहिली. खूप वेळ. मग झेप घेऊन त्याच्या शेजारच्या दोरावर गेली, आणि नव्यानं सूर लावला.

व्हेंडुलानं तोंडावरचे हात काढले. तळव्यांवर दातांचे वण उठले होते. इतके महिने तिनं हा गळा दाबून ठेवला होता. आणि आता जे बाहेर पडलं ते अजिबात नाजूक नव्हतं, गुलाबी नव्हतं, बाहेर दोरखंड घेऊन उभ्या असलेल्या दोन कीपरांनाही स्वच्छ ऐकू गेलं.

"वानेस, मला तू आवडतोस! बर्लिनला तू खरं बोललास तेव्हापासून. नाही, त्याच्या आधीपासून. लाइपझिगपासून. म्हणजे बोटीपासून. तू कशासाठी माझ्यामागे फिरत होतास ते मला माहितेय असं मला वाटतं… पण मला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय."

वानेसनं तोंड उघडलं. मिटलं. कान लाल, मान लाल, कपाळसुद्धा लाल. जन्मभर बडबड करणाऱ्या माणसाला एक शब्द सापडेना.

पूर्वीची व्हेंडुला असती तर तिनं त्याच्या वतीनं बोलून टाकलं असतं. 'हो म्हणायचंय ना तुला? बरं, हो समजते.' शब्द अगदी जिभेवर होते. ती भिंतीला टेकली, हाताची घडी घातली, आणि गप्प राहिली. बाहेर पाऊस पडत होता, बेटावर गाणं चालू होतं. लागू दे कितीही वेळ. तिनं ठरवलं होतं.

"मी…" वानेस म्हणाला. घसा खाकरला. आवाज चिरकला, मधेच तुटला. "मला म्युनिकला जायचं होतं. तिकीट होतं माझ्याकडे. तुझ्यासाठी आलो मी प्रागला. फक्त तुझ्यासाठी. मला… तू हवीयस, व्हेंडुला. इथे, तिथे, कुठेही."

ती त्याच्या गालावर खळी परत येईपर्यंत बघत राहिली, मग टाचा उंचावल्या आणि त्याचे दोन्ही लाल कान हातात धरून त्याला खाली ओढलं.